रविवारचं इंजेक्शन

*पत्र:* ताई, मी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, 31 वर्षं नोकरी केली. राहते नागपूरला, प्रतापनगरात. मुलगा 34 वर्षांचा, हिंगण्याला कंपनीत आहे. सून 31 ची. लग्नाला 4 वर्षं झाली, मूल नाही. सुनेचं सगळं करून झालं: एएमएच (अंडी किती उरली त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 2.1, एचएसजीत, म्हणजे नळ्यांच्या एक्स-रेत, दोन्ही नळ्या मोकळ्या, तीन महिने अंडी वाढवायच्या लेट्रोझोलच्या गोळ्या, दुर्बिणीची तपासणीसुद्धा. मुलाचा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा, नॉर्मल. आता रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, सांगितलं. पॅकेजचे पैसे माझ्या ग्रॅच्युइटीतून देते म्हटलं, पण सून ऐकूनच नाही राहिली. म्हणते, माझ्यात दोष नाही तर मला सुया कशाला? मी तिला कधी टोचून बोलले नाही. मुलगा बिचारा गप्पच असतो. तब्येत मात्र आता पैलवानासारखी झाली त्याची. सव्वा वर्षापासून जिमला जातो, तिथल्या सरांनी दिलेलं 250 चं तेलाचं इंजेक्शन दर रविवारी मीच देते, सून टेकडीच्या गणपतीला गेली की. सुनेला कसं समजावू?
— एक सासू

सिस्टर,

सुनेला तुम्ही कधी टोचून बोलला नाहीत, हे मान्य. टोचताय ते मुलाला. आणि घरात पाळणा हलत नाही त्याचं कारण बहुधा त्या सुईतच आहे.

एवढी वर्षं वॉर्डात काढलीत. कुपीवरचं लेबल वाचल्याशिवाय एकाही पेशंटला सुई लावली नसेल तुम्ही. मग घरच्या पेशंटचं लेबल का वाचलं नाही? जिममधलं ‘250 चं तेलाचं’ म्हणजे बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) एनन्थेट, नाहीतर टेस्टोस्टेरॉनच्याच चार एस्टर-प्रकारांचं मिश्रण, एका मिलीत 250 मिलिग्रॅम. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नसलेलं औषध. जिमचे सर कुठल्या कॉलेजचे डॉक्टर?

आता हा हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटनेने 7 देशांतल्या 10 केंद्रांवर 271 निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेट दिलं होतं. निष्कर्ष 1990 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. 157 जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. त्यानंतर वर्षभर त्या जोडप्यांना दुसरं कुठलंही साधन न वापरता राहायचं होतं, आणि सगळ्यांत मिळून दिवस गेले ते एकीला. ही चाचणी कशाची होती? पुरुषांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनची. त्यांचा डोस आठवड्याला 200. तुमचा 250.

म्हणजे सून टेकडीच्या पायऱ्या चढून बाप्पाकडे मूल मागते, आणि त्याच तासाला घरी सासू मुलाला कुटुंबनियोजनाचं इंजेक्शन देते.

असं का होतं ते तुम्हाला दोन वाक्यांत कळेल. बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीला वाटतं, माल पुरेसा आहे. अंडकोषांना कामाला लावणारी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स सोडायचं ती बंद करते. हे दोन हुकूम थांबले की अंडकोषातलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन आटतं. शुक्राणू तयार व्हायला ते तिथल्या तिथे, रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं. रक्तात पूर आणि कारखान्यात दुष्काळ, अशी गत. दंड फुगतात, अंडकोष मात्र हळूहळू लहान आणि मऊ होतात. तुमच्या मुलाला हे जाणवलं असण्याची शक्यता बरीच आहे. ‘बिचारा गप्पच असतो’ हे मी त्या अर्थानेही वाचलं.

आणि पौरुषात काही कमी नाही, वीर्यही पूर्वीइतकंच येतं, हे घरात कुणी पुरावा म्हणून पुढे करू नये. वीर्यातला बहुतेक द्रव प्रोस्टेट आणि शुक्राशयातून येतो. शुक्राणूंचा वाटा इतका थोडा की ते शून्य झाले तरी डोळ्यांना फरक दिसत नाही. तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो.

दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट नॉर्मल होता, असेलच. इंजेक्शन सव्वा वर्षाचं. एक शुक्राणू घडायला सुमारे 74 दिवस लागतात, वर बाहेर येईपर्यंत आणखी दोनेक आठवडे. त्यामुळे कुठलाही रिपोर्ट पुरुषाच्या मागच्या तीन महिन्यांबद्दलच बोलतो. फाइलमधला तो कागद आता रद्दी आहे. नवी वीर्यतपासणी न मागता आयव्हीएफ लिहिणाऱ्या डॉक्टरांचाही मला रागच आला. बाईच्या पोटात दुर्बीण घालून झाली, आणि पुरुषाकडे एक प्लास्टिकची डबी देणं जमलं नाही! पण जिमच्या इंजेक्शनबद्दल त्यांना कुणी सांगितलं होतं का, हेही स्वतःला विचारा.

हे कुणाच्या लक्षात न येता आयव्हीएफ सुरू झालं असतं तर? सुनेला दहा-बारा दिवस रोज पोटात सुया. मग अंडी पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन, आणि त्यानंतर 36 तासांच्या आसपास भूल देऊन अंडी काढणं. त्याच सकाळी बाहेर मुलाचा नमुना, आणि त्यात शून्य. मग घाईघाईने अंडी गोठवा, नाहीतर मुलाच्या अंडकोषात सुई घालून काही सापडतं का पाहा, आणि इंजेक्शन चालू असताना तिथेही सापडेलच असं नाही. तुमची ग्रॅच्युइटी अशी जाणार होती.

तेव्हा एकच काम करा. या रविवारी सून चप्पल घालायच्या आधी ती कुपी तिच्यासमोर टेबलावर ठेवा आणि सांगा, हे मी देत होते. मुलाने सांगावं अशी वाट पाहू नका. सुई तुमच्या हातात होती, तेव्हा बोलणंही तुम्हीच करा. तिला सुयांची भीती वाटते म्हणून लपवलं, असं म्हणू नका. चार वर्षं तीच सुया खातेय. ती चिडेल, रडेल, कदाचित दोन दिवस माहेरी जाईल. जाऊ द्या.

त्या रविवारपासून इंजेक्शन बंद. सोमवारी मुलाची वीर्यतपासणी, मागचा संबंध किंवा स्खलन होऊन 2 ते 7 दिवस झालेले हवेत. नमुना लॅबमध्येच द्यायचा. घरून न्यायची वेळ आलीच तर अर्ध्या तासात पोचवायचा, अंगाजवळ धरून. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेला नमुना धंतोलीला पोचेपर्यंत काय होतो ते मी सांगायला नको. पहिला थेंब सांडला असेल तर लॅबला खरं सांगायचं, शुक्राणू त्यातच जास्त असतात. कंडोममध्ये नमुना नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे मिलीला 1 कोटी 60 लाख ही खालची रेषा; रिपोर्टवर 16 मिलियन असं लिहितात. शून्य आलं तर नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ पाहिला का, हे विचारा. सकाळी दहाच्या आत रक्त देऊन एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन. पहिले दोन जवळजवळ नाहीसे आणि तिसरं भरपूर, असं दिसलं की कारण सापडलं. सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. या इंजेक्शनांनी हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतो, 54 टक्क्यांच्या वर गेला तर ती वेगळीच डोकेदुखी.

भरून येतं का? बहुतेकांचं येतं. 2006 मध्ये लॅन्सेटनेच 30 अभ्यासांतल्या 1549 पुरुषांचा एकत्र हिशेब छापला: इंजेक्शन थांबल्यावर मिलीला 2 कोटींपर्यंत 6 महिन्यांत 67 टक्के पोचले, वर्षात 90, दोन वर्षांत सगळे. पण ते गर्भनिरोधकाच्या चाचणीतले पुरुष होते, मोजूनमापून औषध घेतलेले. जिमची मिसळ वेगळी असते. कुपीवर नॅन्ड्रोलोन हे दुसरं स्टेरॉइड निघालं तर आणखी धीर धरावा लागेल. तुमची सून 31 ची आहे, एएमएच चांगलं आहे, सहा महिने थांबणं तिला परवडतं. ती 38 ची असती तर मी थांबा म्हटलं नसतं.

मधले महिने मुलाला सोपे जाणार नाहीत. थकवा, उदासी, इच्छा मंदावणं, दंड सैल पडणं. बाहेरचं संपलं आणि आतलं अजून सुरू व्हायचंय, असा हा काळ. नेमक्या त्याच वेळी जिमचे सर ‘पीसीटी’ (स्टेरॉइड थांबवल्यानंतरचा उपचार) म्हणून गोळ्यांचं पाकीट आणि एखादं नवं इंजेक्शन पुढे करतील. ते घ्यायचं नाही, आणि तुम्ही द्यायचं तर नाहीच. अंडकोषांना पुन्हा जागं करणारं एचसीजी किंवा क्लोमिफेन लागलं तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) किंवा पुरुष वंध्यत्व पाहणारे यूरोलॉजिस्ट ठरवतील, रक्त बघून. उदासी फार वाढली तर त्यांना त्याच आठवड्यात कळवा.

कुपी रागाच्या भरात फेकून देऊ नका. रिकाम्याही ठेवा, लेबलसकट. सोमवारी डॉक्टरांकडे न्यायच्या पिशवीत त्या सगळ्यात वर असू द्या, सुनेच्या फाइलच्याही वर.