गावठी कोंबड्यांसोबत गिनी फाऊल? आधी एवढं बघा

भाऊ, गिनी फाऊल म्हणजे कोंबडीसारखाच ठिपकेदार पाळीव पक्षी; मोठे झालेले गिनी आणून लगेच मोकळे सोडू नका, माझे पहिले सहा असेच दुसऱ्या दिवशी शेजारच्या आंब्यावर जाऊन बसले ते परत आलेच नाहीत. 4-6 आठवडे खुराड्यातच ठेवा, घर कुठलं ते कळायला वेळ लागतो त्यांना. त्यापेक्षा खुडूक (अंड्यांवर बसायला लागलेल्या) कोंबडीखाली गिनीची अंडी ठेवा, फक्त गिनीला 26 ते 28 दिवस लागतात, कोंबडीसारखे 21 नाही, आणि नवीन लोक घाई करून चांगली अंडी फेकून देतात.

- पिल्लं भिजली की गेलीच समजा. पाण्याच्या ताटलीत खडे टाका.
- गिनीचे नर कोंबड्याला पळवून पळवून टोचतात, जागा मोठी हवी.
- आवाज!! शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

नर-मादी ओळखणं वगैरे नंतर बघू, आधी पिल्लं जगवा.