टेंडर निघायच्या आधीचं काम

तुझा मेसेज काल रात्री वाचला. चार ओळीत उत्तर देता आलं असतं, पण डिप्लोमा करून सहा वर्षं तू दुसऱ्यांच्या साइटवर सुपरवायझर म्हणून उन्हात उभा राहिलास आणि आता स्वतःचं काम सुरू करतोयस, तेव्हा नीट लिहितो, थोडं लांबेल.

तीन महिन्यांत अकरा टेंडर भरली, एकही लागलं नाही, चार ठिकाणची ईएमडी (टेंडरसोबत भरायची अनामत) अजून परत आली नाही, म्हणजे काका माझा रेट चुकतोय का, असं विचारलंस. रेट थोडा चुकत असेलही, पण मला वाटतं तू उशिरा पोचतोयस. महाटेंडर्सवर, म्हणजे सरकारी टेंडरच्या पोर्टलवर, नोटीस दिसते तेव्हा त्या कामाला बऱ्याचदा वर्षभर उलटून गेलेलं असतं. आधी कुणीतरी मागणी केलेली असते, मग अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, आणि सगळ्यात शेवटी निविदा. हे सगळं चालू असताना ज्याने जागा बघितली, खडी कुठून येईल, पाणी आहे का, माती कसली आहे हे बघून ठेवलं, त्याला तयारीला सहा महिने मिळाले आणि तुला मिळाले पंधरा दिवस, तेही रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉपवर.

म्हणून आधी शासन निर्णयांची साइट बघायची सवय लाव. तिथे रोज जीआर पडतात. विधी व न्याय विभागाचे कोर्टाच्या इमारतींचे, आरोग्य विभागाचे ग्रामीण रुग्णालयांचे, सामाजिक न्यायचे वसतिगृहांचे, प्रशासकीय मान्यता दिल्याचे जीआर रकमेसकट असतात. त्यातलं आपल्या जिल्ह्यातलं काय ते वहीत उतरवून घे. बजेट झालं की बांधकाम खात्याच्या कामांची यादी येते, आपल्याकडे तिला व्हाइट बुक म्हणतात, तीही बघ. झेडपीची आणि ग्रामपंचायतीची छोटी कामं तर गावात सगळ्यांना आधीच माहीत असतात, ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) एक चक्कर मारली तरी कळतं कुठल्या शाळेच्या खोल्या मंजूर झाल्यात. आणि तुझ्याकडे सिव्हिलचा डिप्लोमा आहे तर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून बांधकाम खात्यात नोंदणी का केली नाहीस अजून? छोट्या कामांचं वाटप तीन हिश्शांत होतं, बेरोजगार अभियंते, मजूर संस्था आणि बाकीचे खुले. त्यातला पहिला हिस्सा तुझ्यासारख्यांसाठीच आहे आणि तू खुल्या गटात मोठ्यांशी झुंजत बसलायस, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. ह्याच आठवड्यात कागद जमव.

आता खाजगी कामं. खरं सांगायचं तर सुरुवातीला तुझं पोट ह्यावरच भरणार आहे. महारेराची, म्हणजे बिल्डरांचे प्रोजेक्ट जिथे नोंदवावे लागतात त्या प्राधिकरणाची, साइट उघड, नाशिक जिल्हा टाक, नवीन नोंदणी झालेले प्रोजेक्ट बघ. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर असेल आणि फ्लॅट ८ पेक्षा जास्त असतील तर बिल्डरला नोंदणी केल्याशिवाय जाहिरात करता येत नाही की बुकिंग घेता येत नाही, म्हणजे जवळपास सगळे बरे प्रोजेक्ट तिथे सापडतात. आर्किटेक्ट कोण, स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, बिल्डिंगी किती, पूर्ण करायची तारीख काय दिली आहे, सगळं समोर असतं, आणि बिल्डरला दर तीन महिन्यांनी काम कुठवर आलं ते भरावं लागतं. २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, ते प्रस्ताव केंद्राच्या परिवेश पोर्टलवर खूप आधी दिसतात, पण ते मोठे, त्यांच्यामागे आत्ता लागू नकोस, फक्त नोंद ठेव.

बहुतेक पोरं इथे चुकतात. नवीन प्रोजेक्ट दिसला की लगेच फोन, "सर काही काम आहे का". सर म्हणतात नाही, आणि विषय संपतो. अरे, नोंदणी झाली तेव्हा आरसीसीचा, म्हणजे कॉलम-स्लॅब ओतणारा, माणूस बहुतेक ठरून गेलेला असतो, आणि तू करतोस वीटकाम-प्लास्टर. तुझी वेळ पुढे आहे. सात मजल्यांची बिल्डिंग असेल, वीस दिवसाला एक स्लॅब धरला, तर चौथा स्लॅब पडायच्या सुमारास खालच्या मजल्यावर ब्लॉकवर्कचं, म्हणजे भिंतींचं, बोलणं सुरू होतं. मग तू प्लिंथ (जोतं) झाला की एकदा जाऊन बघून ये, दुसऱ्या स्लॅबला साइट इंजिनिअरला भेट, आणि तेव्हा विचारायचं ते असं, "साहेब, ब्लॉकवर्क मजल्याच्या हिशोबाने देणार की पूर्ण बिल्डिंगचं, माझ्याकडे दोन गॅंग आहेत, पलीकडच्या कॉलनीत काम चालू आहे, येऊन बघता का." ह्या प्रश्नाला माणूस नाही म्हणत नाही, निदान येऊन बघतो तरी. एकाच प्रोजेक्टची तारीख वॉटरप्रूफिंगवाल्याला वेगळी, टाइल्सवाल्याला वेगळी, तुला वेगळी, त्यामुळे वहीत प्रोजेक्टच्या नावासमोर तुझी तारीख लिही, नोंदणीची तारीख लिहून काही उपयोग नाही.

पैसे बुडण्याची भीती तू लिहिलीस, बरोबर आहे. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, जमीन आणि बांधकामासाठीच, आणि तिथून पैसे काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए तिघांचे दाखले लागतात. ह्याने तुझं बिल आपोआप निघतं असं नाही, पण त्याचा आधीचा प्रोजेक्ट वेळेत पूर्ण झाला का, मुदत किती वेळा वाढवून घेतली, हे महारेरावर दिसतं, ते बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस. आणि त्याच्याकडे आधी काम केलेल्या सेंटरिंगवाल्याला (स्लॅबचा साचा बांधणाऱ्याला) चहाला बोलव, तो दहा मिनिटांत सगळं सांगतो.

हरलेली टेंडर पण फेकून देऊ नकोस. पोर्टलवर टेंडरचे लिफाफे उघडले गेले की कुणाला लागलं, किती रेटने लागलं ते दिसतं. तू अकरा भरलीस म्हणजे अकरा कामांचं अंदाजपत्रक तुझ्याकडे आयतं वाचून झालंय! ज्याला काम लागलं त्याच्या ऑफिसला जा, सांग मी पण भरलं होतं, मला ह्यातलं बीओक्यू (कामाच्या बाबी आणि मापांची यादी) पाठ आहे, प्लास्टरचं लेबर मी देतो. सिंहस्थ कुंभमेळा २०२७ ची कामं आपल्याकडे निघतायत, ती काही तुझ्या-माझ्या आवाक्यातली नाहीत, पण ती घेणाऱ्यांना हाताखाली माणसं लागणारच आहेत.

माझी एक चूक सांगतो म्हणजे तू करणार नाहीस. सुरुवातीच्या वर्षांत निफाडकडे एका शाळेच्या दोन खोल्यांचं टेंडर मी साइट न बघता १८ टक्के बिलोने, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी रेटने, भरलं, मनात धरलं दोन फुटांवर मुरूम लागेल. लागलं मला, आणि खोदायला घेतलं तर सात फुटांपर्यंत काळी माती. खोदाई वाढली, मुरुमाचं भरणं वाढलं, जादा बाबीची मंजुरी यायला वर्ष गेलं, आणि तोवर घरातलं सोनं बॅंकेत होतं. तेव्हापासून साइटवर पाय ठेवल्याशिवाय मी एकही रेट भरलेला नाही. दुसरी चूक शुद्धिपत्रकाची, तारीख आणि एक बाब बदलली होती, मी जुन्या फाइलवर भरलं आणि पहिल्याच, कागदपत्रांच्या लिफाफ्यात बाद झालो. भरायच्या आदल्या दिवशी पोर्टल परत उघडून बघायचंच. आणि शेवटच्या दिवशी चार वाजता डीएससी (डिजिटल सही) लावून बसायचं नाही, पोर्टल स्वतःच्या घड्याळाने बंद होतं, तुझं नेट गेलं ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) आहे म्हणून ईएमडी माफ होईल असं तुला कुणीतरी सांगितलंय, ते सोड. ती सवलत माल आणि सेवांच्या खरेदीची आहे, बांधकामाच्या टेंडरला धरून चालू नकोस, नोटिशीत स्पष्ट लिहिलं असेल तरच. तुझ्या भांडवलाचा चौथा भाग ईएमडीत गेला की थांब. लेबरला शनिवारी पगार द्यायला पैसे हातात पाहिजेत. लीडच्या, म्हणजे येणाऱ्या कामांच्या, याद्या विकणारे फोन करतात त्यांना वर्षाचे पैसे एकदम भरू नकोस, त्यांच्याकडचं बरंचसं ह्याच सरकारी साइटवर फुकट असतं, रोज सकाळी अर्धा तास दिलास तर पुरे.

तू शेवटी लिहिलंस ते सिन्नरच्या कंपाउंड वॉलचं आणि तीन खोल्यांचं टेंडर, भरू का नको. अजून नऊ दिवस आहेत ना, मग आज रेट लिहू नकोस. रविवारी सकाळी सातला माझ्याकडे ये, बीओक्यूची प्रिंट आण, टिकाव-फावडं माझ्या गाडीत आहे. जागेवर दोन खड्डे घेऊन बघू, शेजारच्या विहिरीत पाणी किती खाली आहे ते विचारू, मग तिथेच बसून पायाचा रेट काढू.