उर्दू मजकुराचा पूर्णविराम उजवीकडे का पळतो?

प्रश्न : भुसावळला माझं पत्रिका छापायचं दुकान आहे. नोटपॅडमध्ये उर्दू ओळ टाकली की पूर्णविराम उजव्या टोकाला जातो. अक्षरं उलट क्रमानं टाइप करू का?

उत्तर : दादा, तसं अजिबात करू नका! संगणक अक्षरं वाचायच्या क्रमानंच साठवतो. उजवीकडून मांडायचं काम युनिकोडचे (सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकाच्या सामाईक अक्षरपद्धतीचे) नियम करतात. उलट टाइप केलं तर उर्दू अक्षरांची जोडणी चुकेल. इंग्रजी टिंबाच्या पूर्णविरामाला (.) स्वतःची दिशा नसते. ओळीच्या शेवटी तो परिच्छेदाची दिशा धरतो, आणि तुमचा परिच्छेद डावीकडून सुरू आहे. विंडोजमध्ये उर्दू कीबोर्ड जोडा, ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवी शिफ्ट दाबा. पूर्णविराम डावीकडे येईल.

खरी भीती मोबाइल नंबरची. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याकडच्या पत्रिकेत मी नंबर पाच-पाच आकड्यांत, मध्ये जागा सोडून लिहिला होता. उर्दू ओळीत दोन्ही गटांची अदलाबदल झाली, शेवटचे पाच आकडे डावीकडे आले. छपाईआधी त्यांच्या मुलीनं ओळखलं म्हणून वाचलो. तेव्हापासून दहाही आकडे सलग लिहितो, आणि प्रूफ उर्दू वाचणाऱ्याच्या हाती दिल्याशिवाय मशीन सुरू करत नाही.