नाझी छावण्यांच्या स्मारकांत इतिहासकारांना आता काय काम उरलंय?

"सगळं तर लिहून झालंय," असं तुम्ही प्रश्नाखाली म्हटलंय. आमच्या दाजींनीही बुखेनवाल्डला, म्हणजे जर्मनीतल्या वायमारजवळच्या नाझी छावणीच्या स्मारकात, हेच म्हटलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

मी येनाला राहतो. भारतातून कुणी आलं की वायमारला कवी गटेचं घर दाखवायचं आणि तिथून बसने एटर्सबर्गच्या टेकडीवर, या छावणीत न्यायचं, हे ठरलेलं. दाजी पुण्याचे, वाचन दांडगं, कपाटात हिटलरचं मराठीतलं आत्मचरित्र. फाटकातून शिरताच म्हणाले, "काही म्हणा, माणूस शिस्तीचा!" मैदानभर बर्फ होता. जमिनीत बसवलेल्या एका धातूच्या चौकोनावर मात्र कणही नव्हता. होर्स्ट होहाइझेल या कलाकाराने 1995 साली केलेली ही पाटी बारा महिने 37 अंशांवर तापवलेली असते, जिवंत माणसाच्या अंगाइतकी. दाजींनी हातमोजा काढून हात टेकवला आणि विचारलं, "लाइट बिल कोण भरतं?"

सरकार भरतं, दाजी. आणि भरावंच.

तर काम. 1937 ते 1945 या काळात इथे सुमारे 2,80,000 माणसं डांबली, 56,000 मेली. मृतांच्या नोंदवहीत नावं आहेत 38,000 च्या थोडी वर. बाकीची शोधायची कुणी? घोड्यांच्या तबेल्यात उंची मोजायच्या बहाण्याने उभं करून सुमारे 8,000 सोव्हिएत युद्धकैद्यांना मानेत गोळ्या घातल्या. त्यांची छावणीच्या दप्तरात नोंदच नाही. पूर्व जर्मनीने 1958 मध्ये भलंमोठं स्मारक बांधलं, त्यात कम्युनिस्ट कैदी तेवढे वीर. 1945 ते 1950 सोव्हिएतांनी तिथेच छावणी चालवली, 7,000 हून जास्त माणसं मेली, त्यावर अवाक्षर नाही. हा एकतर्फी इतिहास 1990 नंतर इतिहासकारांनी निस्तरला.

"मग राजकारणात कशाला पडतात?" हा दाजींचा परवा फोनवरचा सवाल. स्मारकाचे सध्याचे संचालक येन्स-ख्रिस्टियान वाग्नर यांनी 2024 च्या निवडणुकीआधी थुरिंगियातल्या (आमच्या राज्यातल्या) साडेतीन लाख ज्येष्ठांना एएफडी या अति-उजव्या पक्षाला मत देऊ नका, अशी पत्रं पाठवली; धमक्या आल्या. माझं स्पष्ट मत: मृतांच्या आठवणीसाठी लावलेली झाडं 2022 मध्ये कुणी तोडून टाकतं, तिथे नुसत्या काचपेट्या पुसत बसणारा इतिहासकार काय कामाचा? अर्थात सरकारी पैशावरच्या संस्थेने कुठवर बोलावं, यावर इथेही वाद आहेत, आणि मी इतिहासकार नाही, सॉफ्टवेअरवाला आहे.

या क्षेत्रात यायचं असेल तर जर्मन पक्की करा, जुनी हस्ताक्षरं वाचायला शिका. नुसतं बघायला येणार असाल तर सोमवार टाळा, प्रदर्शनं बंद असतात.