मुलीसाठी कीटकांवरून नाव: माझ्या मनातली काही

तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. दोघंही फुलपाखरांच्या मागे रानोमाळ हिंडणारे, जूनमध्ये मुलगी झाली, बारसं पंधरा दिवसांवर आलंय, आणि सासूबाई म्हणतायत, "किड्यामुंग्यांची नावं माणसांना ठेवतात का कुणी?" मी गेली वीसेक वर्षं फुलपाखरं आणि पतंग बघतेय, आणि ओळखीतल्या बऱ्याच बारशांत नावं सुचवलीयत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंना विचारा, नात्यात एखादे मधुकरकाका आहेत का? एखादा मिलिंद? नक्की असतील. मधुकर म्हणजे मध गोळा करणारी माशी, भुंगा. मिलिंद म्हणजेही भुंगा. म्हणजे किड्यांची नावं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पाळण्यात घातली गेली आहेत, फक्त कुणी तशी मोजली नाहीत. मिलिंदला दुसरंही मूळ आहे: भिक्षू नागसेनांना प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर, पालीत मिलिंद. बाबासाहेबांच्या संस्थेने औरंगाबादला 1950 साली काढलेलं मिलिंद महाविद्यालय या राजाच्या नावाचं. त्यामुळे एखाद्या घरातला मिलिंद भुंगा असतो आणि शेजारच्या घरातला राजा, आणि दोन्ही खरे.

फुलपाखराचं जुनं, रुळलेलं नाव मात्र सहजी सापडत नाही. संस्कृत कवींनी कमळाभोवती भुंगा फिरवला, तितकं फुलपाखराकडे पाहिलं नाही. म्हणून माझा सल्ला असा की फुलपाखरावरच अडून बसू नका. मधमाशी, भुंगा, काजवा यांच्याकडे या, तिथे शब्दांची खाण आहे.

माझी पहिली पसंती अलिनी. अलि म्हणजे भुंगा, अलिनी म्हणजे मधमाशी किंवा भुंग्यांचा थवा. कानाला अगदी आजचं नाव वाटतं, आणि नलिनी म्हणजे कमळ, तिच्यापासून एका 'न'चंच अंतर. भुंगा आणि कमळ शब्दांतही इतके जवळ यावेत, याचं मला दर वेळी नवल वाटतं. भुंगा चंचल, या फुलावरून त्या फुलावर जाणारा, अशी शंका कुणी काढली तर ज्ञानेश्वरांचा दृष्टांत सांगा: कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो, जीव गेला तरी पाकळी चिरत नाही. चंचलपणाचा डाग त्यांनी एका ओळीत पुसून टाकला.

भ्रामरी हेही आहे, देवीचं नाव आणि प्राणायामातला गुंजारव. सासूबाईंना ते बहुधा सगळ्यात लवकर पटेल. मधुकरी मला मनापासून आवडतं. घरोघर थोडं थोडं अन्न मागून शिकणाऱ्या मुलांची माधुकरी आठवून एखादी आजी "भिकेचं नाव कशाला?" म्हणेल. पण फुलाला धक्का न लावता प्रत्येकाकडून थोडंच घ्यायचं, यावरून तर तो शब्द आला.

दुसरी पसंती निमिषा. संस्कृतात काजव्याला निमेषद्युत् असा शब्द आहे, डोळ्याची उघडझाप व्हावी तसा लुकलुकणारा. निमिषा त्याच निमिषातली. मुलगी जूनमधली आहे, म्हणजे भंडारदरा, राजमाचीकडे पावसाच्या तोंडावर काजवे झाडं पेटवतात, त्याच दिवसांतली. खद्योत, ज्योतिरिंगण हे शब्दही सुंदर आहेत, पण शाळेत हाक मारायला अवघड. 'काजवा' नको, डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते मार बसल्यावर.

'शलभ' हल्ली काही जण मुलासाठी विचारतात. मी नको म्हणते. त्याचा अर्थ दिव्यावर झेपावून जळणारा पतंग आणि टोळही. शेतकऱ्याच्या घरी टोळाच्या नावाचं मूल कौतुकाने उचलून घेतलं जाणार नाही.

तुम्ही 'नीलवंती'बद्दल वेगळं विचारलंय. ब्ल्यू मॉर्मन 2015 साली आपलं राज्य फुलपाखरू झालं, राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, आणि त्याचं मराठी नाव नीलवंत. मुलीसाठी नीलवंती सहज सुचतं. पण आपल्याकडे नीलवंती ग्रंथाची दंतकथा आहे: पशुपक्ष्यांची भाषा कळते, पण वाचणाऱ्याला वेड लागतं. गावाकडची माणसं नाव ऐकताच एकमेकांकडे बघतील. तुमच्यासारख्या घरात पशुपक्ष्यांची भाषा कळणारी मुलगी म्हणून मला ते चालेल, पण हा निर्णय घरच्यांना विश्वासात घेऊनच करा.

पतंगांपैकी एकच सांगते. आंबोलीत पावसाळ्यातल्या एका रात्री व्हरांड्याच्या भिंतीवर मून मॉथ बसला होता. बोट पुढे केलं तर सावकाश चढून आला. फिकट पोपटी पंख, पुढच्या कडेला जांभळट तपकिरी काठ जणू साडीला असावा तसा, पांढरं लोकरीसारखं अंग आणि मागे लांब शेपट्या. खायला त्याला तोंडच नसतं, सुरवंट असताना साठवलेल्यावर तो जेमतेम आठवडाभर जगतो. त्याच्या शास्त्रीय नावातली सेलीनी ही ग्रीकांची चंद्रदेवता. तेव्हापासून चंद्रिका हे नाव मला जुनं वाटत नाही. परदेशी नातेवाइकांसाठी सोपं हवं असेल तर मेलिसा आहे, ग्रीकमध्ये मधमाशी.

एक करून बघा. निवडलेलं नाव दोन दिवस घरात जोरात हाका मारून वापरा, "अलिनी, जेवायला ये!", "निमिषा, बूट काढ!" जे तोंडात बसेल ते ठेवा. आणि बारशाच्या आधी कुंडीत लिंबाचं रोप आणून ठेवा. नीलवंताची मादी लिंबाच्या पानांवर अंडी घालते. त्यातून निघालेला छोटा सुरवंट अगदी पाखराच्या विष्ठेसारखा दिसतो, तो झाडून टाकू नका.