सोमवार सोमवारवर बसवा

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जॅकार्डची, म्हणजे विणीतल्या नक्षीची, डिझाइनं आणि हिशेब लिनक्सवर असतात. रात्री २ ला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी लिनक्सची सोय) स्क्रिप्ट चालते आणि बॅकअप म्हणून सगळ्याची, त्या दिवसाच्या तारखेच्या नावानं, एक टार फाइल (सगळ्या फायलींचं एक गाठोडं) बाहेरच्या डिस्कवर टाकते. दोन महिन्यांत डिस्क भरते, मग मी जुन्या फायली हातानं उडवतो. हे आपोआप होईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : होईल की. फाइलच्या नावात तारीख घालताय, म्हणून ढीग साचतोय. त्याऐवजी वाराचा आकडा घाला. 'डेट' कमांडला टक्का आणि छोटा यू (date +%u) दिला की सोमवारचा १, रविवारचा ७ मिळतो. नावं सातच; नवा सोमवार जुन्या सोमवारवर बसतो.

पण तुमच्या धंद्यात सात दिवस पुरायचे नाहीत. डिझाइन बिघडलंय हे कळतं तीच ऑर्डर पुन्हा आल्यावर, आणि तोवर सातही प्रतींत बिघडलेलंच जाऊन बसलेलं असतं. म्हणून दर १ तारखेला एक प्रत महिन्याच्या आकड्यानं वेगळी काढा. सात आणि बारा, एकूण १९ फायली. तुमच्या डिस्कवर आजच साठेक मावतात.

थेट जुन्या नावावर मात्र लिहू नका. आधी तात्पुरत्या नावानं फाइल करा, टारलाच तिची यादी वाचायला लावा, चूक आली नाही तरच नाव बदला. मध्येच लाइट गेली तरी मागचा सोमवार शाबूत राहतो.

आता माझी फजिती. डिस्कची वायर सैल होती, डिस्क माउंटच झाली नव्हती, म्हणजे लिनक्सनं ती आपल्या फोल्डरला जोडलीच नव्हती. स्क्रिप्ट बिचारी त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्याच हार्डडिस्कवर लिहीत राहिली. तीन आठवडे! तेव्हापासून माझ्या स्क्रिप्टची पहिली ओळ 'माउंटपॉइंट' कमांडची; त्या फोल्डरला डिस्क जोडली आहे का, ते ती सांगते. डिस्क नसेल तर तिथंच थांबायचं.

आणि रात्री २ ला मशीन चालू असतं का हो? गड्डा यात्रेच्या सुट्टीत मेन स्विच खाली ओढलात तर क्रॉन बुडालेलं काम नंतर करत नाही. मी तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत, दीडला लावलं असतं.

ते टक्क्याचं चिन्ह स्क्रिप्टच्या आत ठेवा. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, ओळीत नुसतं लिहिलंत तर क्रॉन तिथंच कमांड तोडतो, आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहिता.