ट्रेलर कानानेही बघ

सिनेमांच्या ट्रेलरवर लिहायला लागलास आणि पहिल्याच लेखात दहा ट्रेलर घेतलेस, उत्साह आवडला. पण दहांवर वरवर बोलण्यापेक्षा एकच पुरता पिळून काढ. माझ्या मते ‘लोगन’ या सुपरहिरोपटाचा ऑक्टोबर २०१६ मधला पहिला ट्रेलर घे.

आधी आवाज बंद करून बघ. उन्हाने भाजलेला ओसाड मुलुख, पिकलेली दाढी, म्हातारा झालेला चार्ल्स, म्हणजे लोगनचा गुरू. सुपरहिरोपट म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारी झगमग इथे जवळपास नाहीच. मग डोळे मिटून फक्त ऐक. अमेरिकन गायक जॉनी कॅशचं ‘हर्ट’ हे गाणं, त्याचा तो थकलेला, चिरफाळलेला आवाज. हा हिरो संपत आलाय हे गाणंच सांगतं, निवेदकाची गरज पडत नाही. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र बघ आणि गाण्याचा जोर चढतो तिथे चित्रांचा वेग काय करतो ते टिपून ठेव.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- ‘अंगावर काटा आला’ एवढ्यावर थांबतात. कितव्या सेकंदाला आला ते लिही. बऱ्याचदा धडाक्याला नाही, त्याआधीच्या शांततेला येतो.
- ट्रेलरमधलं संगीत सिनेमातलंच समजतात. ट्रेलरचं संकलन बहुतेकदा वेगळी माणसं करतात, तेही सिनेमाचं पार्श्वसंगीत तयार होण्याआधी.
- दिसलं ते सगळं खरं मानतात. ‘अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’च्या ट्रेलरमध्ये वाकांडा या काल्पनिक देशात धावणारा हिरवा राक्षसी हल्क आठवतो? सिनेमात तो शॉट नाहीच! (मी शेवटपर्यंत वाट बघत बसलो होतो.)

कलर ग्रेडिंग (चित्रांच्या रंगछटा जुळवणं) वगैरे सध्या राहू दे. ‘लोगन’वरचा लेख झाला की इथेच टाक, वाचतो.